‘जाऊ’ आणि ‘जाणे’

प्रश्न : ‘जाऊ’ हा शब्द ‘जाणे’ या क्रियापदावरून आला, कारण ती माहेर सोडून सासरी जाते, असे एका व्याख्यानात ऐकले. हे बरोबर आहे का? ‘जावई’ हा शब्दही याच कुळातला समजावा का?

उत्तर : दोन्ही तर्क टिकत नाहीत. माहेर सोडून जाणे हे प्रत्येक सुनेच्या वाट्याला येते; मग सासू, सासरा, नणंद यांच्यापैकी कोणीच तिला ‘जाऊ’ का म्हणत नाही आणि फक्त दिराची बायकोच का म्हणते, याचा उलगडा या व्युत्पत्तीने होत नाही.

‘जाऊ’चे मूळ संस्कृत ‘यातृ’ या शब्दात आहे. भावांच्या बायका या परस्परांच्या ‘यातरः’ होत, असे अमरकोशात सांगितले आहे. शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ झाला. ‘यव’चे जव, ‘यात्रा’ची जत्रा आणि ‘यज्ञोपवीता’चे जानवे झाले ते त्याच नियमाने. शेवटच्या ‘तृ’मधला त् गळून ऋकाराचा उकार झाला, की उरतो तो ‘जाऊ’. ‘भ्रातृ’चा भाऊ नेमका असाच झाला आहे, त्यामुळे भाऊ आणि जाऊ यांचे यमक योगायोगाने जुळलेले नाही.

व्याख्यात्यांची गफलत मात्र समजण्यासारखी आहे. ‘या’ म्हणजे जाणे या धातूपासून ‘जाणारा’ या अर्थाचा दुसरा एक ‘यातृ’ शब्द संस्कृतात तयार होतो आणि आपले ‘जाणे’ही त्याच धातूचे आहे. पण हे दोन शब्द निराळे आहेत, हे त्यांची रूपे चालवून पाहिली की लगेच ध्यानात येते. ‘जाणारे’ या अर्थी अनेकवचन ‘दातारः’प्रमाणे ‘यातारः’ असे होते. जावांसाठी ते ‘मातरः’प्रमाणे ‘यातरः’ असे, म्हणजे ऱ्हस्व ‘त’ घेऊन येते. धातूंपासून शब्द कसे साधतात हे सांगणाऱ्या संस्कृत व्याकरणातल्या उणादिसूत्रांनीही नात्याचा ‘यातृ’ शब्द ‘या’वरून न साधता ‘यत्’ म्हणजे प्रयत्न करणे या धातूवरून साधला आहे. माझ्या मते तीही मागाहून बसवलेली व्युत्पत्ती आहे, कारण भावांच्या बायकांसाठी लॅटिनमध्ये ‘यानित्रीकेस’ आणि लिथुआनियन भाषेत ‘येन्ते’ असे याच घराण्यातले शब्द आहेत, तेव्हा हे नाव संस्कृतपेक्षाही जुने ठरते. (नात्यांच्या नावांत स्वभाव शोधण्याचा मोह जुनाच आहे, नणंदेचे मूळ जो ‘ननान्दृ’ शब्द, त्याची फोड ‘न नन्दति’, म्हणजे जी कशानेच खूश होत नाही ती, अशी करून पंडितांनी तिलाही सोडलेले नाही.)

‘जावई’ हा ‘जामातृ’पासून आला. त्यातला ‘ज’ मुळातलाच आहे, ‘य’चा झालेला नाही. दोन स्वरांमधल्या ‘म’चा ‘व’ झाला, जसे ‘ग्राम’चे गाव आणि ‘नाम’चे नाव, आणि येथे ऋकाराने उकाराऐवजी इकाराची वाट धरली. एकाच ‘भ्रातृ’चा मराठीत भाऊ आणि हिंदीत भाई व्हावा, तसाच हा प्रकार आहे.

अर्थाच्या बाजूने पाहता ‘जाऊ’ हे साडू किंवा विहीण यांच्यासारखे दोन्हीकडून सारखे असलेले नाते आहे. सासूची सासू सून होत नाही, पण जावेची जाऊ आपणच असतो. हिंदीतल्या जेठानी-देवरानी या जोडीत नवऱ्याच्या भावाचा वडीलधाकटेपणा नावातच शिरलेला आहे. मराठीने तो शब्दाबाहेर ठेवला, म्हणून आपल्याला थोरली जाऊ, धाकटी जाऊ असे विशेषण लावून सांगावे लागते. हाक मारताना ‘जाऊबाई’ दोघींनाही चालते.

प्रश्न : ‘माझ्या दोन जाऊ आहेत’ हे शुद्ध आहे का?

उत्तर : ‘दोन जावा’ असे लिहावे. सासू-सासवा, जळू-जळवा यांच्या पंक्तीतला हा ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्द असून विभक्तीत त्याची जावेला, जावेने, जावेचा अशी रूपे होतात. ‘जाऊला’ हे रूप बोलण्यात ऐकू येते, तरी लेखनात ‘जावेला’ हेच योग्य.