पावणेदोन लाखांचा घडीचा फोन, आणि साइटवरची सिमेंटची धूळ

प्रश्न : मी ३४ वर्षांची, कोल्हापुरात स्वतंत्र काम करणारी आर्किटेक्ट. वर्षाची जमा १८ लाखांच्या आसपास. ऑफिसचं भाडं, ड्राफ्ट्समनचा पगार वगैरे मिळून महिन्याला ७५,००० जातात आणि तेवढेच माझ्या हातात उरतात. नवऱ्याचा पगार ४०,०००. घरखर्च गृहकर्जाच्या हप्त्यासकट ७८,०००, एसआयपी १५,०००. बचत खातं आणि एफडी मिळून १,६०,००० आहेत. फोन चार वर्षांचा झाला. सॅमसंगचा घडीचा फोन गॅलेक्सी झेड फोल्ड ७ (बाजारात आला तेव्हा १,७४,९९९ रुपये) २४ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. फोन आणि टॅब एकातच होईल, साइटवर ड्रॉइंग उघडून मार्किंग करता येईल आणि व्यवसायाचा खर्च दाखवून करही वाचेल. घ्यावा का?

उत्तर : आत्ता नको. हप्ता झेपणार नाही म्हणून नव्हे. सगळे खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे २२,००० उरतात आणि हप्ता ७,२९२ रुपयांचा आहे, तो आरामात जाईल. पण तुम्ही दिलेली तीनही कारणं तुमच्या कामाला आणि तुमच्या कागदपत्रांना लागू पडत नाहीत. ती बाजूला काढली की उरते ती हौस. हौसेला माझा विरोध नाही, फक्त तिचा हिशेब वेगळा करावा लागतो.

आधी कराचं बघू, कारण ते सगळ्यात लवकर निकाली निघतं. १८ लाखांच्या जमेवर तुम्ही बहुधा अनुमानित पद्धतीने, म्हणजे सगळे जिला ४४एडीए म्हणतात त्या तरतुदीखाली विवरणपत्र भरता. त्यात जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते आणि बाकीच्या निम्म्यात भाडं, पगार, प्रवास, घसारा (वस्तूची वापराने घटणारी किंमत) असा सगळा खर्च आला असं मानलं जातं. फोनचं बिल जोडून त्यातून आणखी एक रुपयाही वजा होत नाही. शिवाय तुमचं धरलेलं उत्पन्न ९ लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट मिळत असल्याने त्यावर कर बसतच नाही. मग वाचवायचा कुठला? जीएसटीचंही तेच. १,७४,९९९ मध्ये १८ टक्क्यांप्रमाणे २६,६९५ रुपये कर आहे. त्याची वजावट नोंदणी असलेल्यालाच मिळते, आणि सेवा व्यवसायाला २० लाखांच्या खाली नोंदणी सक्तीची नाही. तुमची नोंदणी नसेल तर हे २६,६९५ रुपये पूर्णपणे तुमच्याच खिशातले. (ज्यांचे हिशेब रीतसर पुस्तकांवर चालतात त्यांनीही हुरळून जाऊ नये. फोनला संगणकाचा ४० टक्के घसारा मिळत नाही, यंत्रसामग्रीचा १५ टक्के मिळतो.)

आता ‘टॅबही होईल’ या कारणाकडे येऊ. खरी गोम इथे आहे.

फोल्ड ७ चा आतला पडदा ८ इंची, पण जवळपास चौकोनी. उघडून आडवा धरला की तो साधारण ५.९ इंच रुंद आणि ५.४ इंच उंच भरतो. तुमची शीट ए३ धरू, म्हणजे १६.५ इंच रुंद. पूर्ण शीट पडद्यावर मावायची तर ती ३६ टक्क्यांवर येते. ड्रॉइंगवर २.५ मिलिमीटरची अक्षरं असतील तर ती ०.९ मिलिमीटरची दिसणार. कोल्हापूरच्या उन्हात, ठेकेदार शेजारी उभा असताना, ०.९ मिलिमीटर! म्हणजे झूम करायचं, सरकवायचं, परत झूम करायचं, जे आज साध्या फोनवर करताच आहात. १०.९ इंची टॅबवर तीच शीट ४९ टक्क्यांवर बसते आणि अक्षर १.२ मिलिमीटरचं दिसतं. तेही फार नाही, पण वाचता येतं. ए३ च्या आकारात मोजलं तर टॅबवर शीटला जवळपास दुप्पट क्षेत्रफळ मिळतं. व्हिडिओचंही असंच होतं. चौकोनी पडद्यावर वर-खाली काळे पट्टे येतात आणि साध्या मोठ्या फोनपेक्षा चित्र जेमतेम सव्वा ते दीड पट होतं. घडीच्या पडद्याचा खरा फायदा दोन ॲप शेजारीशेजारी उघडण्यात, लांबलचक मजकूर वाचण्यात आणि एक्सेलचे रकाने बघण्यात आहे. प्रवासात उभ्याउभ्या हे काम रोज करणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

मार्किंगचं तर सोडूनच द्या. फोल्ड ७ जाडीला कमी करताना कंपनीने एस पेनची, म्हणजे पडद्यावर लिहायच्या पेनची सोय काढून टाकली. आधीच्या फोल्ड ६ वर पेन वेगळा विकत घेऊन वापरता येत होता, ७ वर तो चालतच नाही. बोटाने बीमवर वर्तुळ काढता येईल, पण माप लिहिता येणार नाही.

आणि धूळ. या फोनवर आयपी४८ असं मानांकन आहे. ८ हा आकडा पाण्याचा, तो चांगला आहे. ४ हा आकडा घन कणांचा, आणि त्याचा अर्थ एवढाच की १ मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जाणार नाही. सिमेंटचा कण मायक्रॉनमध्ये मोजतात, बारीक वाळूही १ मिलिमीटरच्या खालची असते, आणि टाइल कापताना उडणारी पूड तर पिठासारखी. ती बिजागरीत शिरते, तिथून पडद्याच्या मागच्या बाजूला पोचते, आणि फोन मिटताना एखादा कण मध्ये सापडला की पडद्यावर दाब येतो. आतली काच नेहमीच्या फोनसारखी जाड नसते. ती मायक्रॉनमध्ये मोजावी इतकी पातळ असते, म्हणून तर वाकते. तिच्यावर प्लास्टिकचा थर, मध्ये लवचिक गोंद. दर घडीला हे थर एकमेकांवर किंचित सरकतात आणि तो ताण गोंद सोसतो. काही फोनांत कालांतराने घडीच्या रेघेवर वरचा थर उचलला जाऊन बुडबुडा दिसू लागतो तो त्यामुळेच. तो थर स्क्रीनगार्ड समजून ओढून काढायचा नाही. २०१९ मध्ये पहिला गॅलेक्सी फोल्ड परीक्षणासाठी दिला तेव्हा काही परीक्षकांनी नेमकं हेच केलं, पडदे गेले आणि विक्री एप्रिलवरून सप्टेंबरवर ढकलावी लागली.

५ लाख घड्या चालतो म्हणतात त्याचं काय? रोज २०० वेळा उघडलात तर हा आकडा पावणेसात वर्षं पुरतो, त्यामुळे निव्वळ घडी घालून पडदा जाईल ही भीती आता जुनी झाली. पण ती चाचणी बंद खोलीतली आहे, आर.सी.सी.च्या साइटवरची नव्हे. गुगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ मानांकन आहे, म्हणजे धुळीचा प्रश्न सुटू शकतो. बाजारात आला तेव्हा किंमत मात्र १,७२,९९९ होती.

आता पैशांचा हिशेब. नो कॉस्ट म्हणजे व्याज नाही असं नसतं. शून्य टक्क्यांच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली. आता व्याज लागतंच, फक्त तेवढी सूट आधी किमतीतून दिली जाते. कार्डाचा दर १६ टक्के धरला तर २४ महिन्यांत सुमारे २६,००० व्याज होतं. ते सवलतीत भागलं तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७०० रुपये, तुम्हीच भरता. प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय कार्डाच्या मर्यादेतले पावणेदोन लाख अडकून पडतात आणि हप्ते फिटतील तसे हळूहळू मोकळे होतात. अडीअडचणीला तेच कार्ड हाताशी असतं, हे विसरू नका.

तीन वर्षांचा खर्च असा मांडतो : फोन १,७४,९९९, जीएसटी ४,७००, तुटफुटीच्या संरक्षण योजनेसाठी १५,०००, आणि शेवटी विकून ४०,००० येतील असं गृहीत धरू. निव्वळ १,५४,७००, म्हणजे महिन्याला ४,३००. संरक्षण योजना इथे ऐच्छिक मानू नका. साध्या वॉरंटीत पडणं, दाबणं, चिरणं येत नाही आणि आतला पडदा बदलण्याचा खर्च एखाद्या चांगल्या मध्यम फोनएवढा होऊ शकतो. सेवा केंद्रातून तो आकडा आधी लेखी घ्या.

दुसऱ्या बाजूला ४०,००० चा चांगला फोन आणि गॅलेक्सी टॅब एस१० एफई : बाजारात आला तेव्हा किंमत ४२,९९९, पेन डब्यातच आणि मानांकन आयपी६८, म्हणजे सिमेंटची चिंता नाही. दोन्ही मिळून ८३,०००. तीन वर्षांनी २२,००० आले तर निव्वळ ६१,०००, महिन्याला १,७००. फरक ९३,७०० रुपयांचा. हा फरक म्युच्युअल फंडात टाकला असता तर वीस वर्षांनी किती झाला असता, ते गणित मी मांडणार नाही. त्या हिशेबाने चहासुद्धा पिऊ नये.

मला काळजी दुसऱ्या आकड्याची आहे. उद्या दोन मोठ्या पार्ट्यांनी बिलं अडकवली आणि तुमची जमा थांबली तर एसआयपी बंद ठेवता येईल, पण घराला नवऱ्याच्या पगारावर ३८,००० कमी पडतील आणि ऑफिसचे ७५,००० जातच राहतील. महिन्याला १,१३,०००. तुमच्याकडचे १,६०,००० दीड महिनाही पुरत नाहीत. स्वतंत्र व्यवसायात किमान चार महिन्यांची सोय हवी, म्हणजे साडेचार लाख. म्हणून क्रम असा ठेवा. आत्ता फक्त टॅब घ्या, तोही रोखीने आणि त्या दिवशीचा दर पाहून. जुन्या फोनची बॅटरी अधिकृत केंद्रात बदलून घ्या, फोन अजून वर्षभर चालेल. उरणाऱ्या २२,००० मधले १८,००० दर महिन्याला लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) किंवा आवर्ती ठेवीत टाका. टॅब वजा जाऊन उरलेल्या १,१७,००० वरून साडेचार लाखांना पोचायला साडेअठरा महिने लागतील. एखादं मोठं बिल आलं तर त्याआधीच.

त्यानंतरही घडीचा फोन मनात असेल तर तुलना नीट करा. जो माणूस एरवीही सव्वा लाखाचा फोन घेणार आहे, त्याला घडीची किंमत पन्नास हजार पडते. तुमचं काम चाळीस हजारांच्या फोनवर भागतं, म्हणून तुम्हाला ती एक लाख पस्तीस हजार पडते. सॅमसंगच्याच उभ्या घडीच्या फ्लिप ७ ला (बाजारात आला तेव्हा १,०९,९९९) या हिशेबात धरूच नका, तो खिशात लहान होतो, पडदा काही मोठा होत नाही.

घेणारच असाल तर मे-जूनमध्ये पूर्ण किमतीला घेऊ नका. फोल्ड ५, ६ आणि ७ तिन्ही जुलैत जाहीर झाले, आणि नवं मॉडेल आलं की आधीचं उतरतं. वापरलेला घेत असाल तर दुकानातच पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी प्रतिमा लावून घडीच्या रेघेवर ठिपके किंवा उभी रेषा दिसते का बघा, ९० अंशांवर सोडून तो तसाच उभा राहतो का बघा, आणि कानाजवळ नेऊन दोन-तीनदा उघडमिट करा. बिजागरीतून करकर ऐकू आली तर परत द्या.