फोर्ड फोकस: गाडी चांगली, ऑटोमॅटिक नको

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेले वाचक २०१२ ते २०१८ च्या फोर्ड फोकसबद्दल वरचेवर विचारतात. फोर्डने ही गाडी २०१८ मध्ये अमेरिकेत बंद केली. तेव्हापासून वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ती बरोबरीच्या जपानी गाड्यांपेक्षा बरीच स्वस्त मिळते. स्वस्त का, हे बहुतेकांना अर्धवट माहीत असतं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न फोकसचेच घेतले आहेत.

प्रश्न: मी टेक्सासमध्ये एम.एस. करतोय. २०१३ ची फोकस एसई, ऑटोमॅटिक, ९२ हजार मैल चाललेली, साडेतीन हजार डॉलरला मिळतेय. तेवढ्या पैशांत कोरोला घ्यायची तर खूप जुनी मिळते. फोकस घेऊ का?

ही नका घेऊ. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे, तिच्यातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वाईट आहे म्हणून.

या गिअरबॉक्सचं नाव पॉवरशिफ्ट, कारखान्यातलं नाव डीपीएस६. तो नेहमीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे क्लचऐवजी द्रवातून ताकद पोचवणारा, ऑटोमॅटिक नाही. आत जवळपास मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच दोन आहेत: एक १, ३, ५ या गिअरसाठी आणि दुसरा २, ४, ६ साठी. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम संगणक आणि छोट्या इलेक्ट्रिक मोटर करतात. त्यातले क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. कोरड्या क्लचमुळे वजन आणि पेट्रोल वाचतं. त्या काळात हायवेवर गॅलनला ४० मैलांच्या जवळ जाणं ही कंपन्यांमध्ये मोठी स्पर्धा होती, त्यामुळे कागदावर हा निर्णय आकर्षक दिसला.

पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी सरकवली की जळका वास येतो, हे तुम्हाला माहीत आहेच. हा गिअरबॉक्स सिग्नलपाशी इंचाइंचाने पुढे सरकताना नेमकं तेच करतो, तुमच्या नकळत. त्यात भर म्हणजे इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून क्लचवर यायचं. मग १० ते २० मैल वेगाला, पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी थरथरते. दुसरा दोष याहून गंभीर आहे. गिअरबॉक्सवरच बसवलेला कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे टीसीएम, बिघडला तर गाडी चालू होत नाही किंवा चालता चालता चाकांकडे जाणारी ताकदच तुटते. हायवेच्या मधल्या लेनमध्ये असं होणं म्हणजे थेट जिवाशी गाठ आहे.

फोर्डने ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांसाठी क्लच आणि सीलची वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली, टीसीएमची १० वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत. २०१३ च्या गाडीला या दोन्हींचा आता उपयोग नाही, मुदत संपली. कॅलिफोर्नियातल्या सामूहिक दाव्यात जवळपास २० लाख आजी-माजी मालक होते. ती तडजोड २०२० मध्ये न्यायालयाने मंजूर केली, पण आज गाडी घेणाऱ्याला त्यातून काही मिळणार नाही. क्लच बदलायला खास हत्यारं लागतात आणि खर्च हजार-दीड हजार डॉलरच्या खाली क्वचितच येतो. साडेतीन हजारांच्या गाडीत तो ऐपतीबाहेरचा जुगार आहे, विशेषतः विद्यार्थ्याला.

जुलै २०१९ मध्ये डेट्रॉइट फ्री प्रेस या वृत्तपत्राने कंपनीची अंतर्गत कागदपत्रं दाखवून लिहिलं की गाडी बाजारात येण्याआधीच अभियंत्यांनी या गिअरबॉक्सबद्दल शंका काढल्या होत्या. मला याचा आजही राग येतो. उत्तम गाडीचं नाव एका भागाने घालवलं आणि त्याचा भुर्दंड पहिल्यांदाच नवी गाडी घेणाऱ्या तरुणांना पडला.

प्रश्न: गाडी आधीच घेऊन बसलोय. २०१४ ची ऑटोमॅटिक आहे, थरथरते. सिग्नलला उभी असतानाही स्टीअरिंगवर कंप जाणवतो. क्लच गेला का?

ही दोन वेगळी दुखणी असू शकतात, ती आधी वेगळी करा. उभ्या गाडीत, ब्रेक दाबलेला असताना कंप येत असेल तर पहिला संशय इंजिनाच्या उजव्या बाजूच्या माउंटवर, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या आधारावर घ्या. त्यात द्रव भरलेला असतो, तो फुटून गळतो आणि इंजिनाचा कंप थेट बॉडीत येतो. माउंट बदलणं तुलनेने स्वस्त आणि सोपं काम आहे. माउंट गेलेला असताना ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगणारे गॅरेजवाले मी पाहिले आहेत.

निघताना आणि कमी वेगात थरथर येत असेल तर मात्र तो क्लच आहे. अशा वेळी चालवण्याची सवय बदलली तर आयुष्य वाढतं. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीशी अंतर पडू द्या आणि मग एकदम निघा, इंचाइंचाने सरकू नका. थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा, तेव्हा क्लच सुटतो. अर्धवट दाबलेल्या ब्रेकवर तो घासत राहतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका.

क्लच बदललाच, तर नंतर संगणकाला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते, त्याला ॲडॅप्टिव्ह लर्निंग म्हणतात. ते न करता गाडी परत दिली तर नवा क्लचही झटके देईल. बिलावर त्याची नोंद आहे का ते बघा. आणि टीसीएमची लक्षणं दिसली, म्हणजे गाडी सुरूच न होणं किंवा धावताना ताकद तुटणं, तर सवयी बदलून काही होणार नाही. दुरुस्तीपर्यंत हायवेवर नेऊ नका.

प्रश्न: मग फोकसमध्ये घेण्यासारखं आहे तरी काय?

मॅन्युअल. आणि इथे मला मनापासून लिहायचं आहे.

फोकस १९९८ मध्ये युरोपात आली तेव्हा तिने छोट्या गाडीची व्याख्याच बदलली. रिचर्ड पॅरी-जोन्स या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली फोर्डने स्टीअरिंग आणि सस्पेन्शनवर जे काम केलं, ते त्या किमतीत कुणी करत नव्हतं. बहुतेक स्पर्धक मागे साधा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा वापरत होते, फोकसला मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन मिळालं. १९९९ ची युरोपियन कार ऑफ द इयर तीच आणि २००० ची नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयरही तीच. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गाड्यांना एकामागून एक रिकॉल आले, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या, हेही खरं. पुढे युरोपला नवी फोकस मिळाली आणि अमेरिकेला २००८ ते २०११ जुन्याच सांगाड्यावर नवा पत्रा चढवलेली. ती वर्षं मी सुचवत नाही, चालवण्यात तो आनंद नाही.

२०१२ ला दोन्ही खंडांची गाडी पुन्हा एक झाली, अमेरिकेची मिशिगनच्या वेन इथे बनू लागली. तिचं २.० लिटर डायरेक्ट इंजेक्शन इंजिन १६० अश्वशक्तीचं, टायमिंग चेनवालं आणि दणकट आहे. वळणावर गाडी जमिनीला धरून राहते, स्टीअरिंग नेमकं आहे, हायवेवर केबिन शांत आहे. त्या काळच्या कोरोलातून उतरून हिच्यात बसा, दहा मिनिटांत फरक कळेल. विश्वासार्हतेत कोरोला पुढे आहेच, पण चालवण्याच्या सुखात नाही.

पाच गिअरचा मॅन्युअल प्रामुख्याने एस आणि एसई या प्रकारांत मिळायचा. अमेरिकेत मॅन्युअल चालवता येणारे थोडे, त्यामुळे अशी गाडी विकायला मालकाला वेळ लागतो आणि भाव करायला तुम्हाला वाव मिळतो. महाराष्ट्रात मॅन्युअलवरच हात बसलेल्यांसाठी ही चांगली संधी आहे. चांगल्या स्थितीतली मॅन्युअल फोकस दिसली तर गंज, अपघाताची नोंद आणि क्लचची पकड तपासून बिनधास्त घ्या. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा बर्फात मीठ टाकणाऱ्या राज्यांतली असेल तर खालून बघितल्याशिवाय मात्र नाही.

बजेट जास्त असेल तर एसटी हा फोकसचाच वेगवान प्रकार आहे: टर्बो, २५२ अश्वशक्ती, सहा गिअरचा मॅन्युअल. विम्याचा दर आधी विचारा.

प्रश्न: १.० लिटर इकोबूस्टची २०१६ ची मॅन्युअल मिळतेय. ती तर मॅन्युअल आहे, मग निश्चिंत?

नाही. गिअरबॉक्स चांगला आहे, पण या तीन सिलिंडरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आणि ऑइल पंपाचा बेल्ट तेलात चालतात. डिसेंबर २०२३ मध्ये २०१६ ते २०१८ च्या अशा फोकससाठी रिकॉल निघाला: ऑइल पंपाच्या बेल्टचा टेन्शनर तुटू शकतो, तेलाचा दाब जातो आणि इंजिन आवळून बसतं. रिकॉलचं काम झालेलं, ठरलेल्या दर्जाचं तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या असलेली असेल तरच विचार करा. माझी पसंती २.० लाच.

प्रश्न: पेट्रोल भरल्यावर गाडी पटकन सुरू होत नाही, काटाही खालीवर नाचतो. फ्युएल पंप बदलायला सांगताहेत.

आधी थांबा, पंपाला हात लावू देऊ नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये २०१२ ते २०१८ च्या सुमारे १५ लाख फोकस परत बोलावल्या गेल्या. पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप, उघडा अडकतो, टाकीत पोकळी तयार होते, टाकी आत दबते, काटा खोटं दाखवतो आणि गाडी बंदही पडू शकते. तुमची लक्षणं तीच आहेत. एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा १७ अक्षरी व्हिन नंबर, म्हणजे ओळख क्रमांक टाका. काम राहिलेलं असेल तर डीलरने ते फुकट करून द्यायचं असतं, गाडी तुमच्या आधी कितीही जणांकडून फिरून आलेली असो. तोवर टाकी निम्म्याच्या वर ठेवा, ही फोर्डचीच सूचना होती. त्याच वेळी २०१२ ते २०१५ च्या गाड्यांच्या दरवाज्याच्या लॅचचा रिकॉलही झाला आहे का ते पाहा.

प्रश्न: आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. मागे बसायला जागा पुरेल?

पुढे उंच माणूस असेल तर नाही. मागे गुडघ्यांना जागा कमी हा फोकसचा खरा तोटा आहे. आईला पुढे बसवा. सामानासाठी सेडानपेक्षा हॅचबॅक बघा, विमानतळावरच्या मोठ्या बॅगा तिच्यात नीट मावतात.

प्रश्न: मी नाशिकला असतो. माझी २०१४ ची इकोस्पोर्ट, १.५ पेट्रोल ऑटोमॅटिक. तुमचं फोकसबद्दलचं वर्णन अगदी माझ्या गाडीचं वाटतं.

कारण गिअरबॉक्स त्याच कुळातला आहे. फोकस भारतात कधी विकली गेली नाही, पण पॉवरशिफ्ट आला: आधी २०११ च्या नव्या फिएस्टाबरोबर, मग इकोस्पोर्ट आणि फिगो १.५ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये. ऑस्ट्रेलियात २०१८ साली फेडरल कोर्टाने ग्राहकांच्या तक्रारी चुकीच्या पद्धतीने हाताळल्याबद्दल फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, त्यात फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट या तिन्ही गाड्या होत्या. २०१७ च्या शेवटी आलेल्या नव्या इकोस्पोर्टमध्ये कंपनीने टॉर्क कन्व्हर्टर बसवला, तो या दोषापासून मुक्त आहे.

वर सांगितलेल्या चालवण्याच्या सवयी तुम्हालाही लागू आहेत. कसारा घाटात रांग लागली तर चढावर सरकत राहण्यापेक्षा थांबून, जागा झाली की निघा. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर बाजूला घ्या आणि थंड होऊ द्या. कामासाठी कोरड्या दुहेरी क्लचची हत्यारं असलेलंच गॅरेज शोधा, नेहमीच्या क्लच प्लेटवाल्याकडे हे काम देऊ नका.

प्रश्न: इतकी चांगली होती तर बंद का केली? आणि सुटे भाग मिळत राहतील का?

लोकांनी सेडान सोडून एसयूव्ही धरल्या आणि छोट्या गाडीत कंपनीला नफा थोडा. एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत सेडानमध्ये पुढे पैसा घालणार नाही, मस्टँग ही स्पोर्ट्स कार मात्र ठेवणार. मे महिन्यात वेनच्या कारखान्यातून शेवटची फोकस निघाली, पुढे तिथे रेंजर आणि ब्रॉन्को बनू लागल्या. चीनमधून फोकस ॲक्टिव्ह आणायचा बेत होता, तो आयात शुल्कामुळे ऑगस्टमध्ये रद्द झाला. गिअरबॉक्सने नाव घालवलं नसतं तरी बाजाराचा रोख बदलला नसता, पण निरोप देताना गाडीमागे माणसं उभी राहिली असती.

सुट्या भागांची मात्र काळजी नको. गाडी प्रचंड संख्येने विकली गेली आहे, सांगाडा फोर्डच्याच २०१३ ते २०१९ च्या एस्केप आणि सी-मॅक्सचाच असल्याने अनेक भाग त्यांच्याशी जुळतात, आणि भंगारातल्या गाड्याही भरपूर आहेत. अडचण फक्त टीसीएमची होते. मागणी वाढली की तो महिनोन्‌महिने मिळत नाही, आणि जुना बसवला तर तुमच्या गाडीसाठी पुन्हा प्रोग्राम करून घ्यावा लागतो. मॅन्युअलवाल्यांना हे दुखणंच नाही.