एसी चालू असताना खिडकी किंचित उघडी ठेवली तर वीज वाया जाते का?

तुम्ही विचारलंय की दोघं रात्रभर बेडरूम बंद करून २२ वर एसी लावता, सकाळी डोकं जड असतं, पण खिडकी उघडली तर बिल वाढेल आणि धूळ येईल. मग करावं काय? मी इमारतींच्या एसीच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवत राहतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. लहान बंद खोलीत दोघं झोपले की पहाटेपर्यंत तो २००० च्या वर सहज जातो. डोकं जड होतं ते बहुधा त्यामुळेच.

आता बिल. दोघांपुरती ताजी हवा आपल्या मुंबईच्या दमट रात्री थंड करायला, माझ्या हिशेबाने, दीड-दोनशे वॅट जास्त लागतात. म्हणजे रात्रीचं दीडेक युनिट. बीईई (केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था) सांगते की एसीचं तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. तेव्हा २६ वर लावा आणि पंखा सुरू ठेवा. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, जेमतेम ३० वॅट खातो. फटीचा खर्च बहुतेक यातच निघून येतो.

खरं बिल वाढवतं ते ऊन. पश्चिमेची भिंत आणि काच दुपारभर तापते, आणि भिंत ती उष्णता रात्री खोलीत सोडत बसते. आतला पडदा फारसा कामाचा नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. शक्य असेल तर ग्रिलला बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) बांधा. मरीन ड्राइव्हच्या जुन्या आर्ट डेको इमारतींना खिडक्यांवर छज्जे आहेत. नव्या टॉवरांमध्ये ते काढून सपाट काच लावतात, याचा मला मनापासून राग येतो.

धुळीची भीती मात्र रास्त आहे. पावसाळ्यात निर्धास्त उघडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री आणि सकाळी वारा जमिनीकडून येतो, हवा साचते; तेव्हा समीर या सरकारी ॲपवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघा आणि दुपारी समुद्राचा वारा सुटला की सगळं घर उघडा. शेजारी बांधकाम चालू असेल तर हेपा फिल्टरचा (बारीक धूळ अडवणारा) प्युरिफायर घ्या, पण त्याने कार्बन डायऑक्साइड जात नाही. फट हवीच.

आणि बंद खोलीत डासांची कॉइल लावत असाल तर आजच थांबवा, खिडकीला जाळी बसवून घ्या.