दुसरीतला युनिफॉर्म चौथीतही बसतोय

प्रश्न: डॉक्टर, मुलगी 9 वर्षांची आहे, चौथीत, उंची 114 सेमी. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. दोन वर्षांत जेमतेम 6 सेमी वाढली, दुसरीतला युनिफॉर्म अजून बसतो. आमचे हे 168, मी 154. जन्मली तेव्हा पावलं सुजलेली होती, नंतर उतरली. सासूबाई म्हणतात मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. पावडरचे डबे झाले, दारात बार लावलाय त्याला रोज लटकते. फॅमिली डॉक्टर म्हणाले पाळी आली की वाढेल. थांबू का?
— एक आई, चिपळूण

उत्तर: ताई, अजिबात थांबू नका. तुमच्या दोघांच्या उंचीची बेरीज करून 13 वजा करा आणि निम्मे करा, 154 च्या आसपास येतं, म्हणजे घराण्यात बुटकेपणा आहे हे कारण इथे चालत नाही. या वयात वर्षाला 5-6 सेमी तरी वाढ हवी, तुमच्याकडे 3 आहे. आणि ती पावलांची सूज, तुम्ही जाता जाता लिहिलीत पण मी तिथेच थांबलो. मुलीची उंची कमी आणि जन्मतः पावलं सुजलेली असं ऐकलं की टर्नर सिंड्रोम आधी डोक्यात येतो. साधारण 2500 मुलींत एकीला असतो, मुलींच्या पेशीत असणाऱ्या दोन एक्स क्रोमोसोमपैकी (गुणसूत्रांपैकी) एक पूर्ण किंवा थोडा गायब असतो. मानेवर केस फार खालपर्यंत आलेत का, मूठ वळल्यावर चौथं बोट (अंगठी घालतो ते) जिथून सुरू होतं तिथे उंचवट्याऐवजी खळगा दिसतो का, बघा. नाही दिसलं तरी टेस्ट करायचीच, कारण बऱ्याच मुलींत उंची सोडून वरून काहीच कळत नाही.

टेस्टचं नाव कॅरिओटाइप, साधं रक्त घेतात, पण पेशी वाढवून क्रोमोसोम मोजायचे असतात म्हणून रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. टर्नर निघालं तर उंचीच्या आधी हार्टची टूडी इको, मग किडनीची सोनोग्राफी, थायरॉइड, कान.

ट्रीटमेंट म्हणजे ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन, रोज रात्री, पेनसारखं असतं, घरीच देता येतं. कित्येक वर्षं दिल्यावर सरासरी 5 ते 8 सेमी जास्तीची मिळते, फार मोठी अपेक्षा ठेवू नका, पण जितकं लवकर सुरू तितकं बरं. पाळीचं म्हणाल तर टर्नरमध्ये बहुतेकींना ती आपोआप येतच नाही, 11-12 व्या वर्षी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अगदी कमी डोसने सुरू करावं लागतं, म्हणून पाळीची वाट बघत बसणं हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला.

खर्च महिन्याला हजारोंत जातो हे खरंय, पण 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात टर्नरचं ग्रोथ हार्मोन मदतीसाठी धरलंय आणि मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्यातलं सेंटर आहे, रिपोर्ट घेऊन तिथे विचारा.

सासूबाईंना सांगा, टर्नर हे बीज तयार होताना किंवा गर्भाच्या अगदी सुरुवातीलाच झालेलं असतं, त्याचा ना ग्रहणाशी संबंध ना विळीशी. आणि तो बार आजच काढा, उगाच हात दुखत असतील पोरीचे.