बांगड्या घेतल्या आणि रात्रभर झोप नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी ३३ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. माहेर नगर जिल्ह्यातलं, पप्पा आमच्या छोट्या स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडीलजन. दागिने नाहीत, टीव्ही नाही, सिनेमा नाही, कुणी पावडर लावली तरी रविवारी संदेशात नाव न घेता टोमणा. शेजारच्या काकूंनी गणपतीचा मोदक दिला तर घ्यायचा, थँक्यू म्हणायचं आणि मागच्या दारी टाकून द्यायचा. शाळेतून आले आणि घरात कुणी नसलं की मला वाटायचं प्रभू येऊन सगळ्यांना वर घेऊन गेला आणि मी एकटी राहिले. लग्नानंतर ती मंडळी सोडली. नवरा ख्रिस्तीच आहे पण त्याच्याकडे असलं काही नाही, सासूबाई नाताळाला पाटल्या घालून चर्चला येतात. मागच्या महिन्यात मुलीने तुळशीबागेत काचेच्या बांगड्या मागितल्या, घेऊन दिल्या, आणि घरी आल्यावर जी धडधड सुरू झाली, आता हिला काहीतरी होणार असंच वाटत राहिलं, रात्रभर उठून उठून तिचा श्वास बघत होते आणि क्षमा मागत होते. डोक्याला कळतंय की हे खरं नाही, मग बाकीच्या शरीराला का कळत नाही? नाताळात आईपप्पा येणारेत, तेव्हा बांगड्या काढून ठेवू का? आणि एक सांगा, मी अजून विश्वासणारी आहे की नाही?

उत्तर : अगं, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते कारण त्याचं उत्तर मी देणारच नाहीये. आजवर पाळकांनी, पप्पांनी, मंडळीतल्या मावशांनी तुला मार्क दिले आणि आता तो पेपर तू माझ्याकडे तपासायला पाठवलायस. नको. हा प्रश्न वर्षभर तसाच पडून राहिला तरी चालेल.

आता शरीराचं. देव आहे की नाही, चूक काय बरोबर काय, हे कळायच्या आधीच तुला भीती शिकवली गेली, आणि शिकवणारे कुणी दुष्ट नव्हते, रात्री ताप आला तर उशाशी बसणारे होते. म्हणून ती इतकी आत बसलीये. मार्लीन विनेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मध्ये याला रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम असं नाव दिलं, अधिकृत आजारांच्या यादीत ते नाहीये, पण अनुभव मात्र ओळखीचा आहे. मला त्याहून जास्त काळजी वाटतेय ती श्वास बघण्याची आणि पुन्हा पुन्हा क्षमा मागण्याची. हे जर वारंवार होत असेल, प्रार्थनेत एखादा शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून परत म्हणावीशी वाटत असेल, तर तो ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो, पापाचा धसका घेऊन बसणारा. जुना आहे हा प्रकार, सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन् तास पापांची कबुली देत बसायचा आणि ऐकणारे कंटाळून जायचे. यावर उपचार आहेत. थेरपीत साधारण असं करतात की ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करायचं आणि नंतरची 'भरपाई' मुद्दाम करायची नाही. म्हणजे बांगड्या हातात राहू दे आणि रात्री श्वास बघायला उठायचं नाही, धडधड होईल, होऊ दे, ती चढते तशी उतरते. पण हे सायकॉलॉजिस्टच्या मदतीने कर, एकटीने हिरोगिरी नको. आणि रात्री फारच वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

दागिन्यांचं थोडं सांगते, कारण तुला वाटतंय हा नियम थेट सीनाय पर्वतावरून, मोशेला मिळालेल्या देवाच्या आज्ञांबरोबर आला. अठराव्या शतकात जॉन वेस्ली या इंग्लिश धर्मोपदेशकाने आपल्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांना सोनंमोती घालू नका असं बजावलं, पण त्याचं एक मोठं कारण गरीब लोक होते, नटण्यावर उधळलेला पैसा त्याच्या मते गरिबाच्या तोंडचा घास होता. पुढे अमेरिकेतल्या होलिनेस या पवित्र आचरणावर भर देणाऱ्या चळवळीने आणि मग तिच्यातूनच आलेल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी नियम उचलला, तो फिरत फिरत आपल्याकडेही आला आणि वाटेत गरीब गळून पडला, नुसती बांगडी उरली. आपल्याकडे तर बांगडी-कुंकवावरून बाई कोण, कुठली, हे लोक ठरवतात, त्यामुळे 'आम्ही वेगळे' हे दाखवायला तो नियम फारच सोयीचा पडला असणार. बायबलमधल्या पेत्राच्या पत्रात दागिन्यांबद्दल आहे, खरंय, पण त्याच वचनात केस गुंफणं आणि कपडेही आहेत, वेणी घातली म्हणून तुला कुणी मंडळीबाहेर काढलं होतं का? आणि उत्पत्तीचा २४वा अध्याय वाच, अब्राहामाचा चाकर विहिरीवर रिबकेला सोन्याची नथ आणि दोन बांगड्या देतो आणि लगेच देवाला नमन करतो. कुणाला काही झालं नाही.

आणि पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि दोनच वर्षांत तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना पत्रात सांगितलं की भटभिक्षुकांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेय, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. पुडिंगमध्ये अंडं असेल तर खायच्या नाहीत, त्यावरूनही कुरबुर. त्यांना गर्विष्ठ ठरवलं गेलं. तरी त्या मरेपर्यंत ख्रिस्तीच राहिल्या, दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. म्हणजे नाही म्हणणं आणि सोडून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुला सोडून जायचं असेल तर तेही तुझंच, पण दोनच दारं आहेत असं मानू नकोस. आणि प्लीज आता उलटा नियम करू नकोस, की मी सुटले म्हणजे मोदक खाल्लाच पाहिजे, सिनेमा पाहिलाच पाहिजे. नको वाटला तर नको खाऊ.

नाताळाचं. बांगड्या काढू नकोस. आईपप्पा यायच्या आधी फोनवर एका वाक्यात सांगून टाक की नात बांगड्या घालते, म्हणजे दारात धक्का बसायला नको. रिबकेची गोष्ट वादात काढू नकोस, वचनांच्या मारामारीत तू पप्पांना हरवू शकणार नाहीस आणि हरवलंस तरी मिळणार काय? ते मुलीसमोर पाप वगैरे बोलले तर एवढंच म्हण, "पप्पा, हे तिच्यासमोर नको, आपण नंतर बोलू." आवाज कापला तरी चालेल. आणि जमलं तर भांडी आवरताना आईला सहज विचार, लग्नात तुझे हात मोकळे होते तेव्हा गावातल्या बायका काय म्हणाल्या? आपल्याकडे मोकळ्या हातांचा अर्थ बायका काय काढतात ते तुला माहितीये, तिने बरंच ऐकलं असेल. ती बोलली तर ऐक, नाही बोलली तर सोडून दे.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये अजून असशील तर म्यूट कर. लगेच बाहेर पडलीस तर दहा फोन येतील, आणि सणासुदीत तेवढे फोन घ्यायला तुला वेळ कुठाय.