परमुलखाची चव, मुंबईचा उकाडा

प्रश्न: विरजणाची पूड आणून सोयाबीनचं टेंपे दोनदा केलं. पहिल्यांदा काळे डाग दिसले म्हणून फेकलं. दुसऱ्यांदा सगळं चिकट झालं आणि मुतारीसारखा वास सुटला. चुकतंय कुठे? (मुलुंड)

उत्तर: पहिलं फेकायला नको होतं. पिशवीच्या भोकांजवळचे राखाडी-काळे डाग म्हणजे बुरशीचे बीजाणू. जिथे हवा जास्त लागते तिथे ती लवकर पिकते, एवढंच. दुसरं फेकलंत ते योग्य केलंत.

टेंपे मूळचं जावा बेटावरचं. शिजवलेल्या सोयाबीनवर रायझोपस ही बुरशी वाढते आणि तिचे पांढरे तंतू दाणे बांधून घट्ट वडी करतात. तिला 30 ते 32 अंश तापमान लागतं. थंड देशांत त्यासाठी ऊबदार पेटी करावी लागते, मुंबईत स्वयंपाकाचा ओटा पुरतो. घोळ पुढे होतो. बाराएक तासांनी बुरशी स्वतःच तापायला लागते. तेव्हा पिशव्या एकावर एक रचलेल्या किंवा डब्यात बंद असतील, तर मधला भाग चाळिशीपार जातो, बुरशी मरते आणि जिवाणूंचं फावतं. तुम्हाला आलेला अमोनियाचा वास त्यांचाच.

दुसरं कारण ओलावा. अर्धा किलो सोयाबीन रात्रभर भिजवा आणि सालं चोळून काढा. वालाच्या डाळिंब्या सोलणाऱ्या घराला हे काम नवीन नाही. मग उघड्या पातेल्यात पाऊण तास शिजवा. कुकरमध्ये दाणा गळतो. निथळून सुती कापडावर पसरा आणि पंख्याखाली ठेवा, हाताला ओल लागता कामा नये. कोमट झाल्यावर दोन मोठे चमचे व्हिनेगर चोळा, म्हणजे जिवाणूंना अटकाव होतो. त्यानंतर पाकिटावर दिलेल्या प्रमाणात विरजण मिसळा. पिशवीला दर दीड सेंटीमीटरवर जाड सुईने भोकं पाडा आणि थर तीन सेंटीमीटरहून जाड करू नका. पहिले बारा तास ओट्यावर ठेवा, पुढे जाळीवर, दोन पिशव्यांत चार बोटं अंतर सोडून, पंखा चालू ठेवून. 24 ते 36 तासांत पांढरी, न वाकणारी वडी मिळते. दादरच्या बाजारातून केळीची पानं आणून त्यात बांधलंत तर उत्तमच; जावातही ती रीत आहे. गुलाबी डाग किंवा बुळबुळीतपणा दिसला तर मोह नको. टेंपे नेहमी शिजवून किंवा तळून खायचं.

सालं काढायचा कंटाळा असेल तर सुरुवात चण्याच्या डाळीपासून करा. चार-पाच तास भिजवून, दहा मिनिटं उकळून घ्यायची. दाताखाली किंचित कचकन लागली पाहिजे. बाकी कृती तीच.

प्रश्न: कोरियन पाककृतीप्रमाणे किमची (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) तीन दिवस बाहेर ठेवली. बरणीतून पाणी उतू गेलं, पानं मऊ पडली, आंबटपणा तर विचारू नका. शिवाय घरी मासळी चालत नाही, मग फिश सॉसऐवजी काय घालावं? (गिरगाव)

उत्तर: पाककृती बरोबर आहे, हवा वेगळी आहे. कोरियात वर्षाची किमची थंडीच्या तोंडावर घालतात आणि पूर्वी तिचे रांजण जमिनीत पुरत. (या सामूहिक किमची घालण्याला, म्हणजे किमजांगला, युनेस्कोने 2013 साली वारसा यादीत घेतलं.) तिथल्या थंडीत जे काम सावकाश होतं ते मुंबईच्या 30 अंशांत एका दिवसात उरकतं. इथे बरणी 18 ते 24 तास बाहेर ठेवा आणि बुडबुडे दिसले की फ्रीजमध्ये टाका. खरी चव तिथे आठवड्याभरात येते. बरणी पाऊणच भरा आणि खाली ताटली ठेवा.

पानं मऊ पडायला उष्णतेइतकंच कमी मीठ जबाबदार असतं. एक किलो लांबट चायनीज कोबीला 60 ग्रॅम खडे मीठ चोळा, दोन तास ठेवा आणि दर अर्ध्या तासाने खालीवर करा. पान न मोडता वाकलं की झालं. दोनदा धुऊन, पिळून, एक पान चावून बघा: कोशिंबिरीपेक्षा खारट, लोणच्यापेक्षा अळणी. चमचाभर तांदळाच्या पिठाची पेज, आठ-दहा लसूण पाकळ्या, आलं आणि मिरची हा मसाला. कोरियन मिरची मिळाली नाही तर बेडगीच्या बिया काढून ती भरड कुटा. बारीक तिखट घातलंत तर चिखल होतो. फिश सॉसऐवजी दोन मोठे चमचे सोया सॉस घाला. ज्यांना चालतं त्यांनी चमचाभर सुका जवळा कोरडा भाजून, कुटून घालावा. कोरियात खारवलेली बारीक कोळंबी वापरतातच.

वर पातळ पांढरी साय आली तर ती यीस्टची, काढून टाका. केसाळ बुरशी आली तर बरणीच रिकामी करा. आता झालेली आंबट किमची मात्र वाया घालवू नका, तेलात परतून त्यात शिळा भात घाला.

प्रश्न: सिंगापूरहून भेट आलेली ‘शंभर वर्षांची अंडी’ आतून काळी निघाली. नासली का? (विलेपार्ले)

उत्तर: नाही. चीनमधलं हे पिदान. बदकाची अंडी चुना, राख, मीठ आणि चहा यांच्या लेपात काही आठवडे ते काही महिने मुरतात. अल्कलीमुळे पांढरं तपकिरी जेलीसारखं होतं आणि बलक हिरवट-काळा. थाई भाषेत नावाचा अर्थच ‘घोड्याच्या लघवीतलं अंडं’ असा आहे. लघवीचा संबंध नाही, वास अमोनियाचा. सोलून, धुऊन, चार फोडी करून पंधरा मिनिटं उघड्यावर ठेवा, वास उतरतो. मग सोया सॉस आणि आल्याबरोबर खा, किंवा तांदळाच्या मऊ पेजेत घाला. वेष्टनावर ‘शिसेरहित’ लिहिलंय ना, ते बघा. काही ठिकाणी मुरवण्यासाठी शिशाचा ऑक्साइड वापरत असत. तसा उल्लेख नसेल तर लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका. घरी करायचा बेत असेल तर सोडा. चुना हातही भाजतो.

प्रश्न: हृदयाची झडप बदललेले वडील वॉरफरीन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेतात. जपानी नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, पौष्टिक असतं म्हणून आणायचं आहे. (दादर)

उत्तर: आणू नका. नात्तो आंबवणारा जिवाणू के-2 जीवनसत्त्व भरपूर तयार करतो आणि ते वॉरफरीनचा परिणाम मारतं, तोही काही दिवस. जपानमध्येही या रुग्णांना नात्तो वर्ज्य सांगतात. सिक्कीमचं किनेमा आणि नागालँडची अखुनी त्याच पद्धतीची, त्यांनाही तेच लागू. टोफू, म्हणजे सोयाबीनचं न आंबवलेलं पनीर, याची गोष्ट वेगळी, पण आहारात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

प्रश्न: क्रॉफर्ड मार्केटमधून ड्युरियन आणलं आणि लिफ्टवरून सोसायटीत भांडण झालं. फणसाच्या जातीचं फळ इतकं का घाणतं? (माहीम)

उत्तर: ते फणसाच्या जातीचं नाहीच. फणस वड-उंबराच्या कुळातला, ड्युरियन भेंडी-कापसाच्या. काटे दिसायला सारखे, एवढंच. वास गंधकाच्या संयुगांचा. सिंगापूरच्या मेट्रोतही ते न्यायला बंदी आहे. पुढच्या वेळी गोठवलेला गर आणा, काचेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्येच सुटू द्या आणि दोन दिवसांत संपवा. प्लॅस्टिकच्या डब्याला वास धरतो. आणि अख्खं फळ आणलंच, तर जिन्याने न्या.