बाप्तिस्म्याची घाई नको

जय ख्रिस्त, भाऊ. तुम्हाला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, घ्यायचाय, पण बायको तयार नाही, असं विचारलंत. पाणी शिंपडायचं की पाण्यात बुडवायचं, या वादात आत्ताच पडू नका. कॅथलिक आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात, डोक्यावर पाणी घालून. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल मंडळ्यांत कळत्या वयात, पूर्ण पाण्याखाली नेऊन.

आधी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ६ वा अध्याय सावकाश वाचा. ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, नव्या जीवनात चालणं, सगळा गाभा तिथे आहे. बाप्तिस्म्याशिवाय तारण (पापातून सुटका) नाही का, यावर मंडळ्यांचं एकमत नाही. पाळकांना, म्हणजे तुमच्या मंडळीच्या धर्मगुरूंना, सरळ विचारा. मला विचाराल तर, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या चोराला बाप्तिस्म्याची सवड कुठे मिळाली? तरी येशूने त्याला सुखलोकाचं वचन दिलंच.

बायको तयार नाही म्हणता, तर तिच्यामागे लागू नका. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, त्यांना स्वतःला पटल्यावर.

आणि हो, बुडवून असेल तर गडद रंगाचे जाड कपडे घाला, पांढरा सदरा भिजला की अंगाला चिकटतो. कोरडा जोड, टॉवेल कुणाकडे तरी देऊन ठेवा. पाळक मागे झुकवतील तेव्हा अंग ताठ धरू नका. गुडघे वाकवा आणि नाक दाबा.